ख्रिस्ती मनुष्याने गुप्तपणे शस्त्र बाळगावे काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक शेतकरी बंधू मागे राहिले. लोक पांगेपर्यंत ते दारापाशी थांबले, आणि मग खिशातून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी आमच्या हाती दिला. त्यावर तीन-चार रिव्हॉल्व्हरांची चित्रे, त्यांची वजने व किमती छापलेल्या होत्या. ते म्हणाले, "पाळकसाहेब, ह्यांतले कोणते घ्यावे? नेम धरावयास शिकता यावे आणि सदऱ्याखाली कोणास दिसूही नये, असे मला पाहिजे."

ह्या बंधूंची वस्ती गावापासून दूर, उसाच्या रानात आहे. घरी वृद्ध आई, पत्नी व दोन मुली. तीन महिन्यांपूर्वी शेजारच्या वस्तीवर दरोडा पडून तेथील म्हाताऱ्यास मारहाण झाली होती व बायकांच्या अंगावरील दागिने ओरबाडून नेले होते. तेव्हापासून ह्या बंधूंस रात्रीची झोप नव्हती. मनुष्य मनाचा सरळ, दानधर्मात मागे न राहणारा, परंतु लवकर तापणारा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांस देता आले नाही. असाच प्रश्न इतर मंडळ्यांतही कोणाच्या मनात असेल आणि उपदेशक बंधूंस तो कोणी विचारीलही. म्हणून त्यावर जो विचार केला तो येथे मांडीत आहो.

ह्या प्रश्नास दोन घाईची उत्तरे आहेत. एक असे की, प्रभूने पेत्रास तलवार म्यानात घालावयास सांगितले, तेव्हा प्रश्न मिटला. हे उत्तर गावात, चार घरांच्या आधाराने निजणाऱ्याच्या तोंडी सहज येते; रानातल्या वस्तीवर कुत्रे भुंकू लागले म्हणजे ते इतके सोपे राहत नाही. दुसरे उत्तर असे की, सरकार परवाना देते, मग पाळकाने मध्ये पडण्याचे कारण काय? परंतु काय चालेल एवढेच कायदा सांगतो. काय शोभेल हे तो सांगत नाही. दोन्ही उत्तरे बाजूस ठेवून प्रथम ती वस्तूच नीट पाहू.

आपल्या देशात १९५९ सालच्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून असे शस्त्र बाळगता येत नाही. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे झाली, आणि एका मनुष्यास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली. सैन्य व पोलीस वापरतात त्या नऊ मिलिमीटर मापाची पिस्तुले सामान्य नागरिकास मिळत नाहीत; म्हणून कानपूर येथील सरकारी कारखान्यांत नागरिकांकरिता होणारी रिव्हॉल्व्हरे बत्तीस बोअरची असतात. त्यांतील जुना नमुना इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हराच्या धर्तीवर बनलेला असून त्यात सहा काडतुसे मावतात व त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम भरते. जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर निघाले. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जिच्यावर घोर अत्याचार झाला त्या कन्येची आठवण त्या नावात आहे. स्त्रियांस ते पिशवीत सहज ठेवता यावे, हा हेतू सांगितला गेला. किंमत मात्र सव्वा लाखाच्या आसपास होती. ज्या मजूर स्त्रीस अंधारात एकटीने घरी परतावे लागते, तिच्या हाती ते कधी पडावे!

अमेरिकेत अशा लहान शस्त्रांची चाल फार जुनी आहे. तेथे स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० साली पाच काडतुसांचे एक आखूड रिव्हॉल्व्हर काढले. त्याच्या नळीची लांबी दोन इंचांहूनही किंचित कमी आहे, आणि हलक्या धातूचा त्याचा प्रकार अर्धा किलोही भरत नाही. कोटाच्या खिशात ते दिसून येत नाही.

आता आमच्या बंधूंच्या मागणीतील अडचण पाहा. त्यांस नेम शिकण्यास योग्य आणि लपविण्यासही योग्य असे एकच शस्त्र पाहिजे होते. परंतु हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. नेम धरताना मागची खाच व नळीच्या टोकावरील माशी ही एका रेषेत आणावी लागतात. ह्या दोहोंत १५ सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरांवर गोळी साडेसहा सेंटिमीटरांहून थोडी अधिक चुकते. अंतर निम्मे केले, म्हणजे तीच चूक तेरा सेंटिमीटरांवर जाते. शिवाय जड शस्त्र गोळीचा धक्का आपल्या अंगावर घेते. हलके शस्त्र तो धक्का मनुष्याच्या मनगटास देते. घोडा मागे न ओढता नुसता चाप ओढून गोळी सोडावयाची, तर लहान रिव्हॉल्व्हरास बहुधा चार-पाच किलोंचा जोर लागतो, आणि ते शस्त्र स्वतः अर्ध्या किलोचे! बोट ओढते तसे सगळे शस्त्रच हलते. त्यामुळे असे होते की, जे लपते त्याचा सराव करावासा वाटत नाही, आणि ज्याचा सराव गोड वाटतो ते लपत नाही. ह्या कामातील जाणते लोक म्हणतात की, ज्याचा नित्य सराव होणार नाही ते शस्त्र जवळ बाळगू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांतही परवाना मागणाऱ्याने सुरक्षित हाताळणीचे शिक्षण घ्यावे असे ठरविलेले आहे, ते योग्यच आहे. शौलाने दिलेले चिलखत व तलवार अंगावर चढवूनही दाविदाने ती काढून ठेविली, कारण त्यांचा त्याला सराव नव्हता. त्याने आपल्या हातास ठाऊक असलेली गोफणच घेतली. गेथशेमाने बागेत पेत्राजवळ तलवार होती, परंतु तो कोळी होता. रात्रीच्या गोंधळात त्याने वार केला, तो मल्ख नावाच्या एका चाकराच्या कानावर बसला. अधिकाऱ्यांस काही झाले नाही. जखमी झाला तो चाकर, आणि त्याचा कान बरा करण्याचे काम प्रभूस करावे लागले.

येथपर्यंत शस्त्राची गोष्ट झाली. परंतु ज्या दोन गुणांचा मेळ शस्त्रात बसत नाही, त्यांच्यामागे मनुष्याचे दोन निरनिराळे हेतू आहेत, आणि खरा प्रश्न तेथे आहे.

नेमबाजी हा एक प्रामाणिक खेळ आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने त्यात मोठे नाव मिळविले आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाच्या नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. ह्या लोकांची शस्त्रे मोठी असतात व उघडी असतात. ती कोणाच्या खिशात मावावयाची नाहीत, आणि तशी मावावी अशी कोणाची इच्छाही नसते. समोर कागद असतो, आजूबाजूस पंच असतात, आणि श्वास आवरून मन स्थिर करणे हीच तेथील विद्या. अशा खेळास आमचा काहीएक विरोध नाही. आमच्या मुलामुलींनी तो शिकला तर आम्हांस आनंदच होईल.

परंतु सदऱ्याखाली बाळगावयाच्या शस्त्राचा सराव वेगळा. तेथेही समोर कागदच असतो, पण तो मनुष्याच्या आकृतीचा. हात जे शिकतो ते शेवटी मनही शिकते. कागदास आई नसते, लेकरे नसतात. परंतु ज्याच्यासाठी हा सराव चालला आहे त्यास ती असतात. म्हणून नेम शिकावयाचा आहे असे म्हणताना कोणता नेम, हे मनुष्याने आपल्या मनास विचारावे.

शास्त्रातही उघडे शस्त्र व लपविलेले शस्त्र ह्यांत भेद दिसतो. नहेम्याच्या वेळी यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांनी कमरेस तलवारी बांधल्या होत्या, परंतु त्या सर्वांच्या देखत होत्या, आणि रणशिंग वाजताच सर्वांनी एकत्र जमावे असा ठराव होता. ह्याच्या उलट एहूदाने हातभर लांबीची दुधारी सुरी उजव्या मांडीस वस्त्राखाली बांधली, कारण तो डावखुरा होता व त्या बाजूस कोणी पाहणार नाही हे त्यास ठाऊक होते. त्या काळी त्याच्या हातून इस्राएलास सुटका मिळाली हे खरे. पण सुरी चालली ती देवाचा निरोप आणला आहे असे सांगून. पुढे यवाबाने अमासाची दाढी हाती धरून त्याचे चुंबन घेण्याचा आव आणला, आणि दुसऱ्या हातातील तलवारीकडे अमासाचे लक्ष गेले नाही. आपल्या देशानेही हे पाहिले आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींवर ज्या पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या, तेही लपवूनच आणलेले होते. लपविलेले शस्त्र बाळगणारा प्रत्येक जण यवाब असतो असे आमचे म्हणणे नाही. परंतु असे शस्त्र बाळगणारा ज्यास ज्यास भेटतो, त्याच्याविषयी त्याच्या मनात एक गुप्त निवाडा तयार असतो, आणि तो निवाडा समोरच्यास ठाऊक नसतो. हात पुढे करून सलाम घालावयाचा आणि मनात अंतर मोजावयाचे, असे दोन जिवांनी राहणे कठीण आहे.

आता कायद्याचा व धर्माचा एक मेळ पाहण्यासारखा आहे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात असा नियम आहे की, रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. परंतु सूर्य उगवल्यावर मारला तर दोष आहे. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे, आणि मालमत्तेच्या बचावात प्राण घेण्यापर्यंत तो ज्या थोड्या प्रसंगी पोचतो, त्यांत सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी एक आहे. मात्र बचावास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही, आणि अधिकाऱ्यांची मदत घेण्यास वेळ असेल तेथेही तो हक्क नाही. इतक्या शतकांचे अंतर असता दोन्ही ठिकाणी सूर्यच पंच नेमला आहे, ह्याचे कारण उघड आहे. अंधारात भयभीत झालेल्या मनुष्यास देव व राजा दोघेही समजून घेतात. उजेडात, विचार करण्यास सवड असता, ते त्याजकडून हिशेब मागतात.

परंतु आपल्या गावांतील रक्तपात पुष्कळदा दिवसाढवळ्याच होतो. बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून, वाटणीवरून, भावाभावांत व शेजाऱ्याशेजाऱ्यांत तो होतो. ह्या भांडणात आजवर काठी निघत असे, आणि काठी उचलून मारीपर्यंत कोणीतरी मध्ये पडत असे. खिशातील शस्त्रास मध्ये पडणारा मिळत नाही.

ह्याविषयी आम्ही त्या बंधूंच्या घरी गेलो असता त्यांच्या पत्नीने जे म्हटले ते आम्ही विसरणार नाही. ती बाई अल्पशिक्षित आहे. चहाचा पेला पुढे ठेवून ती खाली मान घालून म्हणाली, "पाळकसाहेब, चोर आला तर वर्षातून एकदा येईल. ह्यांचा राग रोज घरात असतो. ते हत्यार उशाशी आले, तर मी कोणाला भ्यावे?" बंधू काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

ह्यापुढची गोष्ट अधिक दुःखाची आहे, पण ती लपविणे बरोबर नव्हे. घरातील शस्त्र, ते धरणारा शत्रू की धनी, हे विचारीत नाही. अमेरिकेत २०२१ साली बंदूक-पिस्तुलांनी जे ४८,८३० लोक मेले, त्यांतील २६,३२८ जणांनी, म्हणजे निम्म्याहून अधिकांनी, स्वतःचाच जीव घेतला होता. कॅलिफोर्निया प्रांतातील सुमारे २ कोटी ६० लक्ष लोकांची बारा वर्षांची माहिती तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणारे पुरुष ते न बाळगणाऱ्या पुरुषांच्या मानाने सुमारे आठपट, व स्त्रिया सुमारे पस्तीसपट, अशा शस्त्राने आत्मघात करितात. निराशेची घटका पुष्कळदा टळते. परंतु ती टळेपर्यंत मनुष्यास वेळ मिळाला पाहिजे, आणि हे शस्त्र तो वेळ देत नाही. कर्ज, नापिकी व निराशा आपल्या शेतकऱ्यांच्या घरी किती वेळा येऊन बसतात हे आम्ही सांगावयास नको. ज्या घरात असे दुःख बसले असेल तेथे उपदेशकाने जावे, जवळ बसावे, त्या मनुष्यास एकटे सोडू नये. आणि त्या घरी शस्त्र असेल तर ते दुसरीकडे ठेवविण्याची खटपट करावी. ही सेवा प्रवचनाहून कमी नाही.

तथापि विरुद्ध पक्षाचे बलवान उदाहरण आम्ही दडवू इच्छित नाही. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात व्हाइट सेटलमेंट ह्या गावी २९ डिसेंबर २०१९ रोजी प्रभुभोजनाच्या वेळी एका मनुष्याने मंदिरात बंदूक काढून दोन जणांस ठार केले. मंडळीच्या रक्षणास नेमलेल्या एका सभासदाने काही क्षणांतच एका गोळीने त्यास पाडले, आणि पुष्कळांचे प्राण वाचले. त्या सभासदास आम्ही दोष देऊ शकत नाही. परंतु हेही लक्षात घ्यावे की, तो मनुष्य नेमबाजी शिकविणारा होता, आणि तो तेथे उभा आहे हे त्याच्या मंडळीस ठाऊक होते. मेलेल्या दोघांपैकी एक जण स्वतः सशस्त्र रक्षक होता, व शस्त्र काढीत असतानाच तो पडला. शस्त्र जवळ असणे म्हणजे तारण नव्हे.

दुसरे उदाहरण त्याच देशातील चार्ल्सटन शहराचे. १७ जून २०१५ रोजी तेथील इमॅन्युएल मंडळीत सायंकाळी शास्त्राभ्यास चालला असता एक अनोळखी तरुण आला. त्यांनी त्यास जागा दिली. सुमारे तासभर तो त्यांच्याबरोबर बसला, आणि मग लपविलेले पिस्तूल काढून त्याने पाळकासह नऊ जणांस ठार केले. दोनच दिवसांनी न्यायालयात मृतांच्या नातलगांपैकी कित्येकांनी त्याच तरुणास क्षमेचे शब्द ऐकविले. त्यांचे अश्रू सुकले नव्हते. ती क्षमा म्हणजे अन्यायास संमती नव्हे. न्यायालयाने आपले काम केलेच. परंतु त्या मंडळीच्या दाराशी अनोळखी मनुष्यास जागा देण्याची जी रीत होती, ती त्या लपविलेल्या शस्त्राने मेली नाही. आम्हांस भय वाटते ते असे की, आम्ही सर्वांनी कमरेस शस्त्रे लावली तर आमची मंदिरे कदाचित अधिक सुरक्षित होतील, परंतु तो तरुण आत येताना त्यास जागा कोण देईल?

म्हणून त्या बंधूंस आम्ही असे सांगितले. दुबळ्याचे रक्षण करणे हे पाप नव्हे. आई, पत्नी व मुली ह्यांची चिंता करणे हा तुमचा धर्म आहे. आधी वस्तीभोवती दिवे लावा, दाराचे अडसर मजबूत करा, चार वस्त्यांनी मिळून पाळीने रात्रीचा पहारा ठेवा, एकमेकांस हाक पोचेल अशी घंटा किंवा शिट्टी ठरवा, ११२ क्रमांकावर पोलिसांस बोलाविण्यास मुलींस शिकवा. नहेम्याच्या कोटाचे बळ तलवारीपेक्षा त्या रणशिंगात अधिक होते. एवढे करूनही परवाना काढावयाचाच असेल, तर लपण्याजोगे आखूड शस्त्र शोधू नका. ज्याचा सराव तुम्ही खरोखर कराल असे, जड व मोठे घ्या. ते घरी कुलपात राहू द्या. ते आहे हे पत्नीस ठाऊक असू द्या आणि तिची संमती असू द्या. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा लोकांच्या जमावात विशेष परवानगीवाचून ते नेण्यास परवान्याच्या अटींतच मनाई आहे. मंदिरात तर नकोच. आणि ज्या दिवशी घरात राग किंवा निराशा येऊन बसेल, त्या दिवशी ते जमा करण्यास लाजू नका.

बंधूंनी तो कागद परत मागितला, आणि आम्ही तो दिला. कारण निवड त्यांची आहे, आमची नव्हे. गेल्या महिन्यात त्यांच्या वस्तीवर गेलो, तेव्हा दारावर नवा दिवा होता, आणि शेजारच्या तीन वस्त्यांबरोबर पहाऱ्याच्या पाळ्या ठरल्या होत्या. परवान्याचा अर्ज त्यांनी केला की नाही हे आम्ही विचारले नाही. निघताना त्यांनी आपण होऊन सांगितले, "अजून विचार चालला आहे, पाळकसाहेब." तो विचार त्यांनी पत्नीबरोबर बसून, प्रार्थनेत करावा, एवढीच आमची विनंती होती, आणि ज्यांच्या घरी हाच प्रश्न आला असेल त्या सर्व वाचकांसही आमची तीच विनंती आहे.